फळीमागचा मासा

शहागंजातला तो सुतार दिवसभर बडबडायचा, पण जुन्या फळीला रंधा लावण्याआधी गप्प होऊन ती उलटून बघायचाच.

आमच्या माडीच्या सागवानी फळ्या मी टेबलासाठी त्याच्याकडं नेल्या. त्या बाजारातून आणल्या, असं आजोबा आजवर सांगत आले होते.

पहिल्याच फळीमागं पटाशीनं कोरलेला इवलासा मासा निघाला.

"अब्बांची खूण," तो म्हणाला. "आमच्याच घरच्या ह्या. निजाम पडला त्या पोलीस ॲक्शनमधी पळालो तवा घर तसंच टाकलं व्हतं."

मी फळ्या त्याच्याकडं सरकवल्या. "तुम्हीच ठेवून घ्या ह्या," मी म्हणालो.

"टेबल किती फुटाचं म्हणले?" त्यानं विचारलं.

टेबल घरी आलं. वरून आरशासारखं गुळगुळीत, खाली मासा तसाच. जेवताना मी आजोबांचा हात धरून टेबलाखाली त्या माशावर टेकवला. त्यांनी तो चटका बसल्यासारखा ओढून घेतला.

"तुला कुणी सांगितलं?"