घरच्या मुलीचं नाव

जुन्नरात आईचं नाव काढलं की लोक अजून हात जोडतात. तिला स्वतःला एक ओळ सुरात म्हणता येत नसे, पण गाणाऱ्याला जेवू घातल्याशिवाय तिचा दिवस गोड होत नसे. म्हाताऱ्यांना हाताला धरून डोळ्यांच्या शिबिराला नेणं, शाळेच्या नाटकाला स्वतःची लुगडी देणं आणि दर नवरात्रात मुलींची गाण्याची स्पर्धा भरवणं, हाच तिचा संसार. आम्ही त्यात भाडेकरू.

नव्वदच्या दशकात स्पर्धेच्या आधी आठ दिवस आमच्या घराची धर्मशाळा व्हायची. आणे गावापासून भीमाशंकरच्या रानापर्यंत कुठून कुठून मुली एसटीनं यायच्या आणि माझ्या अंथरुणात झोपायच्या. त्यांचा चहा मी करायची, पेटीवर सूरही मीच धरायची.

मी दहावीत असताना पिंपरी पेंढारची एक मुलगी राहायला आली. आवाज खडा, पण मध्येच सूर सुटायचा. आई मला म्हणाली, "तिच्याकडून जरा नीट बसवून घे गं, तुला जमतं." चार दिवस स्वयंपाकघरात बसून मी तिच्याकडून एक अभंग घोटून घेतला. शिकवता शिकवता वाटलं, हा आपणही म्हणावा की. मग स्पर्धेच्या यादीत अगदी शेवटी मी गुपचूप माझं नाव लिहिलं.

संध्याकाळी आईनं यादी वाचली, पेन घेतलं आणि माझ्या नावावर सरळ रेघ मारली. ती चिडलीसुद्धा नाही, तेच मला जास्त लागलं.

"घरचंच माणूस नंबरात आलं तर लोक काय म्हणतील?"

"मग नंबर नको देऊ. नुसतं म्हणू दे."

"तुला काय कमी हाय गं? त्या पोरींना दुसरं कोण हाय?"

तिचं म्हणणं खरंच होतं. अजूनही ते खरंच वाटतं, आणि त्याचाही मला राग येतो.

पिंपरी पेंढारची मुलगी पहिली आली. आईनं तिला ढाल दिली तेव्हा बक्षिसांचं ताट धरून मी शेजारी उभी होते. पुढे मी पेटी उघडली ती फक्त दुसऱ्यांसाठी, आणि लग्न होऊन मंचरला गेल्यावर तीही नाही.

दोन हजार साल उलटल्यावर काही वर्षांनी गावानं आईचा सत्कार केला. मी मुलांना घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली आणि आई माइकपुढे उभी राहिली.

"मी कधी कुणाची बाजू घेतली न्हाई," ती म्हणाली. "माझ्या पोरीचा गळा त्या समद्या पोरींपेक्षा चांगला व्हता. पण तिला मी एकदाबी स्टेजवर चढू दिलं न्हाई."

टाळ्या थांबेनात. शेजारची बाई कौतुकानं माझ्याकडे बघू लागली. माझा गळा चांगला होता, हे मी आईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही माइकवरून, साऱ्या गावाबरोबर. आई वरून माझ्याकडे बघून हसत होती. मला तिचा इतका राग आला की तिथून उठून जावंसं वाटलं. पण घरचंच माणूस उठून गेलं तर लोक काय म्हणतील, म्हणून मी बसून राहिले आणि टाळ्या वाजवल्या.