गाडीच्या टपावर दोनदा
लाइल प्रोसेकच्या घरी पोलीस पहिल्यांदा आले ते १९९२च्या नोव्हेंबरात. रविवारची दुपार होती. कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये आपल्या लहानशा घरापुढे तो वाळकी पानं गोळा करत होता. आलेल्या दोघांपैकी थोरल्यानं त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"फोन आला होता. परवा टीव्हीवर जो माणूस दाखवला, तो इथं राहतो म्हणे."

"तो मीच," लाइल म्हणाला. मग दोघांचे चेहरे पाहून घाईनं पुढे म्हणाला, "म्हणजे टीव्हीवरचा मी. पण मी तो नव्हे."

धाकटा पोलीस हसला. थोरला हसला नाही. त्यानं लाइलचं ओळखपत्र मागितलं, ते उलटसुलट पाहिलं, आणि जाताना फाटकाशी थांबून पुन्हा एकदा वळून पाहिलं.

कार्यक्रम न सुटलेल्या गुन्ह्यांचा होता. नट घेऊन प्रसंग उभा करायचा, वर निवेदकाचा खर्जातला आवाज, आणि शेवटी पडद्यावर फोन नंबर. लाइलचा भाग दाखवला त्या संध्याकाळी एक्केचाळीस जणांनी फोन करून लाइलचंच वर्णन सांगितलं. फोन घेणाऱ्यांच्या समोर भिंतीवर त्याचा फोटो लावलेला होता. खाली लिहिलं होतं: 'हा नट आहे. नोंद करू नये.' तरी काही नोंदी निसटल्याच. पुढच्या तेवीस वर्षांत, हा भाग कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर पुन्हा लागला की आठवड्याभरात कुणीतरी लाइलच्या दारात उभं राही.

तो आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सचा. वडील ओट्सच्या गिरणीत. १९७४ साली बसनं कॅलिफोर्नियात आला आणि परत गेला नाही. एकशे बारा भूमिका केल्या: डॉक्टर, न्यायाधीश, रुग्णवाहिकेचे चालक, दोनदा प्रेत. त्याचं सर्वांत लांब वाक्य चौदा शब्दांचं होतं, आणि त्यातले सहा नंतर कापले गेले. त्याची एजंट बनी फेल्डस्टीन त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी होती. ती म्हणायची, "तुझं तोंड म्हणजे पांढरा ब्रेड आहे रे. काहीही लावून खपवता येतं." हे ती कौतुकानं म्हणायची.

त्या भागातली मुलगी मात्र खरी होती. डोना केटलर, वय एकोणीस, नर्सिंगची विद्यार्थिनी. मार्च १९८८ मध्ये बेकर्सफील्डमधल्या एका डोनटच्या दुकानातून पहाटे कॉफी घेऊन ती बाहेर पडली. तपकिरी गाडीपाशी चाळिशीचा एक माणूस उभा होता. त्यानं दार उघडलं, ती बसली, आणि त्यानंतर ती कुणाला दिसली नाही. हे काचेतून पाहिलं एकाच व्यक्तीनं: दुकानाची मालकीण चन्नारी केओ. तिला कंबोडियाहून येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

चित्रीकरण त्याच दुकानापुढे झालं. कोण कुठं उभं होतं ते दाखवण्यासाठी म्हणून चन्नारीला बोलावलं होतं. दुपारी तिनं सगळ्यांना डोनट वाटले. लाइलपाशी आल्यावर तिनं खोका जमिनीवर ठेवला आणि मागे सरली. त्यानं स्वतः वाकून त्यातला एक घेतला.

डोनाची थोरली बहीण जनीनही आली होती. ती लाइलला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही दार उघडलंत, तेव्हा ती स्वतःहून बसली का हो? का तुम्ही ढकललंत?"

"मॅडम, मी फक्त नट आहे."

"माहीतेय मला. पण तुमच्या हाताला काय वाटलं?"

लाइलनं आपल्या हातांकडे पाहिलं.

अशा कामात संवाद नसतात. बोलतो तो निवेदक. मग नटाच्या वाट्याला उरतात हात, आणि जुन्या नटांचा नियम असा की कॅमेऱ्यापुढे हात रिकामे दिसू देऊ नयेत. आदल्या दिवशी घरी बसून लाइलनं संहितेच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'दार लावल्यावर पुढून वळसा घालताना टपावर बोटांच्या सांध्यांनी दोनदा टकटक. सहज.' नेहमीच्या सवयीनं खाली तारीख घातली. दिग्दर्शकाला ते आवडलं. "हे काय होतं? असू दे, असू दे," म्हणत त्यानं कॅमेरा जवळ आणून पुन्हा घेतलं. हे पोलिसांच्या कागदांत आहे का, असं कुणी विचारलं नाही.

२०१५च्या उन्हाळ्यात तो भाग पुन्हा लागला. फ्रेस्नोमधल्या एका बाईनं फोन केला. तिनं लाइलचं नाव घेतलं नाही. ती म्हणाली, "माझा आधीचा नवरा अगदी असंच करतो. मला गाडीत बसवलं की टपावर दोनदा वाजवायचा. आणि त्या सालात तो बेकर्सफील्डलाच होता." चार महिन्यांनी सहासष्ट वर्षांच्या रॉय गॅस्किनला अटक झाली.

लाइलनं ते पेपरात वाचलं. आनंदानं जनीनला फोन करायला उचललेला फोन त्यानं पुढचा परिच्छेद वाचून खाली ठेवला. चन्नारी केओ साक्ष देणार होती. तिला ती टकटक स्पष्ट आठवत होती.

त्यानं माळ्यावरून खोके काढले. सगळ्या संहिता तो जपून ठेवत असे. पान सापडलं. पेन्सिल फिकी झाली होती, पण तारीख वाचता येत होती. चन्नारीला तो त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी, चित्रीकरणाला, आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता.

बनी तेव्हा चौऱ्याऐंशीची, वृद्धाश्रमात होती, आणि अजूनही लाइलची एजंट होती. पान डोळ्यांजवळ धरून तिनं दोनदा वाचलं.

"जाळ."

"बनी, तो माणूस जन्मभर आत जाईल."

"जाऊ दे की! सज्जन असेल असं वाटतं तुला?"

"ते मला माहीत नाही."

"मग गप्प बस. चाळीस वर्षं एक धड संवाद मिळाला नाही, आणि आता कोर्टात बोलायला निघालाय!" मग आवाज उतरवून म्हणाली, "लाइल, त्यानंच केलं असेल तर?"

"ते रोज विचारतो मी."

"कुणाला?"

त्यानं पान तिच्या हातून परत घेतलं.

बेकर्सफील्डला सरकारी वकील बाईंनी पान हातात घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि कपाटातून जुनी फाईल काढली. १९८८ मधला चन्नारीचा पहिला जबाब तीन पानांचा होता. त्या बोट ठेवून शेवटपर्यंत वाचत गेल्या. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. टकटक त्यात कुठंच नव्हती.

"हे अजून कुणी पाहिलंय?"

"माझ्या एजंटनं."

"त्या काय म्हणाल्या?"

"जाळ म्हणाली."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही हे मला दाखवलं नसतं, तर फार बरं झालं असतं, मिस्टर प्रोसेक. आता मला हे समोरच्या वकिलाला द्यावं लागेल."

लाइलची साक्ष अकरा मिनिटं चालली. न्यायाधीशांनी विचारलं म्हणून तो साक्षीदाराच्या आसनाच्या लाकडी कठड्यावर ती टकटक करून दाखवायला उठला. बोटं वर गेली आणि तशीच राहिली. "मी तोंडानं सांगितलं तर चालेल का?" त्यानं विचारलं. चालेल, म्हणाले. आरोपीच्या खुर्चीतला गॅस्किन त्याच्याकडे सौम्य कुतूहलानं पाहत होता, ओळखीच्या दुकानदाराकडे पाहावं तसा. त्याची ती सवय कधीपासूनची, हे त्याच्या आधीच्या बायकोला सांगता आलं नाही. त्यांचं लग्न १९९६ मधलं. त्यानं तो कार्यक्रम पाहिला होता का, या प्रश्नाला त्याच्या वकिलानं हरकत घेतली.

बाहेरच्या बाकावर चन्नारी बसली होती. लाइलला पाहून तिनं पर्स छातीशी धरली, पण उठली नाही.

"मी खोटं बोलले नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"डोळे मिटले की ती मुलगी दिसते. गाडी दिसते. दार लावणारा माणूस दिसतो." ती थांबली. "तो तुम्ही आहात. सत्तावीस वर्षं मी त्याला आठवत बसले, आणि प्रत्येक वेळी तुम्ही येता. त्याचा चेहरा तुम्ही कुठं ठेवलात?"

तिची साक्ष वगळण्यात आली. मग उरलं ते एका घटस्फोटित बाईचं म्हणणं आणि एका माणसाचा जुना पत्ता. पाच आठवड्यांनी सरकारनं खटला मागे घेतला. गॅस्किननं सामान बांधलं आणि तो दुसऱ्या राज्यात गेला, एवढंच पेपरात आलं.

खटला मागे घेतला त्या दिवशी जनीन गाड्यांच्या तळावर लाइलच्या गाडीपाशी थांबली होती. ऊन एवढं होतं की डांबर पायाखाली मऊ लागत होतं. ती आता साठीची होती.

"पान दाखवण्याआधी तुम्ही मला फोन का नाही केलात?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालेच असते."

"मग मी ऐकलं असतं," लाइल म्हणाला.

तिनं मान हलवली. जवळून एक कुटुंब चाललं होतं. त्यातल्या बाईनं लाइलकडे पाहिलं, पावलं मंद केली आणि मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. जनीनच्या ते लक्षात आलं.

"गॅस्किनकडे असं कुणी पाहिलं नाही," ती म्हणाली. "पायऱ्या उतरताना मी बघत होते. त्याच्यासाठी एकानं दार धरलं."

"त्यानं केलं नसेल कदाचित."

"नसेल." तिनं किल्ल्या काढल्या. "मिस्टर प्रोसेक, आत जो गेला असता तो चुकीचा असता, तरी मला चाललं असतं. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या आईलाही चाललं असतं."

"हो."

"तुम्हालाच का नाही चाललं?"

"ती टकटक माझी होती," लाइल म्हणाला. मग ती शेजारच्या आपल्या गाडीत बसली, आणि तो बाजूला झाला.