यार्मथचा जन्म

वॉटी फ्लेटच्या पायात फुटबॉल आला की तो डाव्या कडेने असा सुटायचा, की समोरचे नुसते त्याची पाठ बघत राहायचे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या बंदरात फ्लेट आडनावाची घरं पन्नास, वॉटीही चार-पाच. पण नुसतं ‘आपला वॉटी’ म्हटलं की हाच. सतराव्या वर्षी त्याला ग्लासगोकडच्या एका क्लबाने मासेमारीच्या बोटीवरून उचललं आणि गावाची मान ताठ झाली. त्याला मात्र क्लबाचं अप्रूप बेताचंच. त्याला हवा होता स्कॉटलंडचा निळा शर्ट, तोही इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात. बस्स, एकदाच. हे तो लहानपणापासून ऊठसूट सांगायचा आणि आम्ही त्याची टर उडवायचो.

एकोणीसशे सत्तावीस साली ते खरं व्हायची वेळ आली. निवड समितीचा माणूस त्याचे तीन सामने बघून गेला आणि पाठोपाठ एक फॉर्म आला. वॉटीने तो आनंदाच्या भरात भरला. जन्मगावासमोर लिहिलं, यार्मथ.

आता यार्मथ इंग्लंडात आहे हे आम्हांला ठाऊक नव्हतं का? होतं की. पण शरदातले वारे सुटून हेरिंग मासा दक्षिणेला सरकला की बोटी त्याच्या मागे, आणि मासे साफ करणाऱ्या बायका गाड्या भरभरून बोटींच्या मागे. ऑक्टोबरात अर्धं गाव तिथेच. धक्क्यावर आमचीच बोली, आमचीच भांडणं. मग ते परमुलूख कसं? वॉटीची आई एल्सपेट आठवा लागलेला असताना गेली. न जाऊन सांगते कुणाला! त्या कामाला तिघींची टोळी लागते. दोघी मासे कापणार, एक पिंपात भरणार. एकीने पाय मागे घेतला की बाकी दोघींचा हंगाम बुडाला, आणि त्या दोघींत एक तिची सख्खी बहीण. बाळंतपणाला घरी परतायचं ठरलं होतं, पण पोराला दम कुठला! पिंपांच्या आडोशालाच कळा सुरू झाल्या.

समितीचं उत्तर दोन ओळींचं होतं. इंग्लंडात जन्मलेल्याला स्कॉटलंडकडून खेळता येत नाही. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि तोही स्वतःच्या अक्षराने. लोक म्हणाले, गाढवा, गावाचं नाव लिहिलं असतंस तर कोण विचारायला येणार होतं? आईसमोर तो हसून म्हणाला, बरं झालं, पाय तरी शाबूत राहिले. सामन्याच्या दिवशी मात्र दिवसभर धक्क्याच्या टोकाला बसून होता. आम्ही कुणी हाक मारली नाही.

एल्सपेटने त्यानंतर यार्मथचं नाव घेणंच टाकलं. बहिणीने किती समजावलं, पण आपणच पोराच्या ताटातलं ओढलं हे तिच्या मनातून जाईना.

तीन वर्षं गेली. मधल्या काळात वॉटीला एका इंग्लिश क्लबाने घेतलं होतं, आणि तिथेही त्याच्या डाव्या पायाचा बोलबाला झाला. मग एका मार्चमध्ये तो न कळवता घरी आला. चहा झाल्यावर त्याने खिशातलं पत्र आईपुढे ठेवलं. इंग्लंडच्या निवड समितीचं होतं. पुढच्या महिन्यात आमच्याकडून खेळाल का, म्हणून. सामना कुणाशी, तर स्कॉटलंडशी.

एल्सपेटने पत्र दोनदा वाचलं. तिचा चेहरा इतक्या वर्षांत पहिल्यांदा उजळला.

“यार्मथने नेलं ते यार्मथच परत देतंय की रे,” ती म्हणाली. “जा. इंग्लंडचा पांढरा तर पांढरा, शर्टच ना? माझ्या जिवाला लागलेला घोर तरी जाईल.”

वॉटी बशीतल्या ओटच्या भाकरीचा चुरा करत राहिला. आईसाठी हो म्हणायचं, हे तो गाडीतून घोकत आला होता. आता त्याने बशी बाजूला सारली.

“तुझा घोर जावा असं मला फार वाटतं गं, आई,” तो म्हणाला. “पण समोर ते निळे उभे असणार. त्यातला एखादा मोकळा दिसला, तर मी चेंडू त्यालाच देऊन टाकीन.”

एल्सपेटला आधी हसू फुटलं. मग भरून आलेले डोळे तिने एप्रनने पुसले नाहीत, लपवलेही नाहीत, तशीच त्याचा हात धरून बसली.

“नको जाऊस, बाळा,” ती म्हणाली.