किल्ल्यावरचं कुंकू

जैसलमेरच्या सहलीचं वेळापत्रक मी स्टुटगार्टमध्ये बसून एक्सेलमध्ये केलं होतं आणि त्यात किल्ल्याला सव्वादोन तास दिले होते. शीट बघून नवऱ्याने विचारलं होतं, "टर्मिन कुणाबरोबर घेतलाय, राजाबरोबर?" टर्मिन म्हणजे भेटीची ठरलेली वेळ. मी चिडले. त्याला स्वतःला ख्रिसमसच्या सुट्टीत ऑफिसातून उर्लाउब, म्हणजे रजा, मिळाली नव्हती, तो येणारच नव्हता, मग त्याने टिंगल तरी का करावी? पण त्याचं खरं होतं. सतरा वर्षं या देशात काढल्यावर मला हॉटेलच्या नाश्त्यालासुद्धा एक रकाना लागतो.

सहल आईसाठी होती. बाबा गेल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ती पुण्याच्या फ्लॅटमधून फारशी बाहेर पडली नव्हती. कुठे जायचं, असं मी फोनवर विचारलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "वाळवंट बघायचंय. आणि तो किल्ला, ज्याच्यात माणसं अजून राहतात." आईला लगेच उत्तर देताना मी फार कमी वेळा ऐकलंय. त्यामुळे डिसेंबरात मी, माझी अकरा वर्षांची लेक आणि आई अशा तिघी निघालो.

जोधपूरहून गाडी केली. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं, मधूनच एखादा उंट. आई सगळा वेळ खिडकीला चिकटून बसली होती आणि मला भाकरवडी खायचा आग्रह करत होती. दुपार उलटल्यावर लांबवर टेकडी दिसली आणि टेकडीवर किल्ला. दगड पिवळा, टेकडी पिवळी, त्यामुळे टेकडी कुठे संपते आणि तट कुठे सुरू होतो तेच कळेना. आई म्हणाली, "अगंबाई!" बाकी काही नाही. लेकीने मोबाइल काढला. तिला शाळेत वाळवंटातल्या शहरांवर रेफेराट करायचा होता, वर्गापुढे उभं राहून बोलायचं होतं, म्हणून ती दिसेल त्याचे फोटो काढत सुटली होती.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला किल्ल्यावर गेलो. वारा बोचरा होता. आईने लोकरी स्कार्फ पार भुवयांपर्यंत ओढून बांधला होता. चढाचा दगड पावलांनी घासून गुळगुळीत झालेला, आणि आईचे गुडघे आधीच कुरकुरत होते. प्रत्येक दरवाजाशी ती टेकत होती. टेकली की तिथल्या माणसाशी बोलत होती. बाहुल्या विकणारा, रजया विकणारी, एकतारी घेऊन बसलेला म्हातारा. मी घड्याळ बघत होते. तीन वाजता वाळूच्या टेकड्यांकडे निघायचं होतं, सूर्यास्त गाठायचा होता. खाली ड्रायव्हर थांबला होता आणि त्याने दोनदा फोन केला होता.

वर गल्ल्या अरुंद. गायी, स्कूटर, परदेशी पाहुणे, कोरीव खिडक्यांवर वाळत घातलेले शाळेचे गणवेश. एका दारापाशी माझ्या वयाची एक बाई सुपात शेंगा निवडत बसली होती. सांगरीच्या, वाळवलेल्या. आई थांबलीच. "ये कैसा करते हैं? पहले भिगोने का क्या?" असं तिचं हिंदी. त्या बाईने सांगितलं, मग आईने आपल्याकडे गवारीच्या शेंगा कशा सुकवतात ते सांगितलं, मग तिने "अंदर आओ मांजी" म्हटलं आणि आई चप्पल काढून आत गेलीसुद्धा. माझ्या वेळापत्रकात शेंगा नव्हत्या.

खोली लहान आणि थंड होती. जाळीतून उजेड येत होता. चहा झाला. आई जमिनीवर बसून त्या बाईशी अशी हसत होती की माझ्या लेकीने माझ्याकडे वळून बघितलं. आजीला एवढं हसताना तिने कधी बघितलंच नव्हतं. आणि मी? मी ड्रायव्हरचा तिसरा फोन घेतला आणि उठा म्हणाले.

निघताना ती बाई आतून ताटली घेऊन आली. कुंकू, तांदूळ. घरी आलेल्या पाहुण्याला टिळा लावून पाठवायचा. तिने आधी मला लावला, मग लेकीला. मग ती आईकडे वळली. आईच्या अंगावर जांभळी साडी होती, हातात बांगड्या होत्या, कपाळ स्कार्फखाली झाकलेलं. त्या बाईला कळायला काही मार्ग नव्हता.

मी मध्ये हात घातला. "इनको मत लगाइए," मी म्हणाले, "मेरे पिताजी नहीं रहे."

बाईने हात मागे घेतला. "माफ करना मांजी," ती म्हणाली. आई म्हणाली, "अरे, उसमें क्या," आणि चपला शोधू लागली. आम्ही खाली उतरलो. सूर्यास्त वेळेवर गाठला. तो फार छान होता, असं सगळे म्हणत होते.

मी असं का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. बाबांच्या तेराव्यानंतर आईने कुंकवाचा करंडा ड्रॉवरमध्ये मागे सारला होता, पिना आणि रबरांच्या मागे. तिला कुणी सांगितलं नव्हतं. उलट मीच तिला व्हिडिओ कॉलवर व्याख्यानं दिली होती. आई, हे कुठल्या जमान्यातलं? लाव की सरळ, कोण विचारतंय? ती "बघू" म्हणायची. आणि तीच मी, त्या खोलीत, कुणीही न विचारता सगळं जाहीर करून मोकळी झाले. मला वाटलं मी आईला अवघडलेपणातून वाचवतेय. टिळा लावून झाल्यावर त्या बाईने बाबांबद्दल विचारलं असतं, मग आईला सांगावं लागलं असतं, मग दोघी ओशाळल्या असत्या. शिवाय घाई होती. घाईत माणूस आतून जसा असतो तसा बाहेर येतो. मला ते आवडलेलं नाही, पण तसंच आहे.

फेब्रुवारीत लेक रेफेराटला बसली. फोटो लॅपटॉपवर घेऊन मला हाक मारली, कुठले ठेवू म्हणून. किल्ला, तोफ, जाळी. मग त्या खोलीतले. तिने बटण दाबून धरलं असावं, एकामागोमाग पाच-सहा फोटो होते. पहिल्यात बाई ताटली घेऊन आईकडे वळलीय. दुसऱ्यात आईने स्वतःच्या हाताने स्कार्फ कपाळावरून मागे सारलाय. तिसऱ्यात तिने डोळे मिटलेत आणि मान खाली घातलीय, देवळात घालतात तशी. चौथ्यात माझा हात आहे. मनगटावर घड्याळ.

लेकीला मराठी सगळं कळतं, पण ती बोलते जर्मनच. "पण आजीला तर हवं होतं," ती जर्मनमध्ये म्हणाली, "मग तू थांबवलंस कशाला?"

मी म्हणाले, हे फोटो राहू देत, जाळीचा घे.

त्या रात्री आईला फोन केला तेव्हा मी फोटोंचा विषय काढला नाही. एप्रिलमध्ये ती तीन महिन्यांसाठी आमच्याकडे येणार होती. तेव्हा आपण हे नीट करू, असं मी ठरवलं. नीट करणं म्हणजे काय, तर परत एक वेळापत्रक. चैत्राचं हळदीकुंकू करायचं, आणि सगळ्यांच्या आधी आईला कुंकू लावायचं. आपल्याच हाताने.

आई आली. एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनापासून आमच्या घरापर्यंत टेकडीवर चढत जाणाऱ्या पायऱ्या आहेत. पहिल्याच दिवशी ती अर्ध्यावर कठड्याला टेकली आणि म्हणाली, "तुमचं घरही किल्ल्यावरच आहे की गं." मी तिचा हात धरला. या वेळी घड्याळ बघितलं नाही.

हळदीकुंकवाला सहा-सात मराठी मैत्रिणी आल्या. तमिळ दुकानातल्या कैऱ्यांची आंबेडाळ केली, पन्हं केलं. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या जर्मन आजींनाही बोलावलं. त्यांना रंगांचं फार अप्रूप. मी त्यांना समजावलं की घरी आलेल्या बाईला आणि घरातून निघणाऱ्या बाईला आम्ही हे लावतो. "गेनाऊ," अगदी बरोबर, असं त्या मान डोलावून म्हणाल्या, आणि दोन्ही डब्यांचा वास घेऊन बघितला.

मग मी आईपुढे गेले. बोटावर कुंकू घेतलं. आई एकदम मागे सरकली.

"मला नको गं," ती हसत सगळ्यांना म्हणाली, "मला नाही चालत. हिनेच तर सांगितलं तिकडे, किल्ल्यावर."

टोमणा नव्हता. आईला टोमणे जमत नाहीत. माझा निर्णय तिने मनापासून मान्य केला होता, इतकंच. मैत्रिणी काहीबाही बोलल्या, काकू लावा हो, आता कोण पाळतंय. आई पन्ह्याचे ग्लास भरायला लागली. बोटावरचं कुंकू मी नॅपकिनला पुसलं.

सगळ्या गेल्यावर स्वयंपाकघरात मी तिला ते फोटो दाखवले. मेचा पहिला आठवडा, अक्षय तृतीया अजून व्हायची होती, बाहेर लख्ख उजेड होता. तिने चष्मा लावला, एकेक फोटो बघितला.

"स्कार्फ घट्ट झाला होता," ती म्हणाली.

"आई."

"आणि डोळ्यावर ऊन येत होतं."

"त्या खोलीत ऊन कुठे होतं?"

तिने चष्मा काढून ठेवला. मग ओट्यावरचं फडकं उचलून घडी घालत म्हणाली, "तिला माहीत नव्हतं ना. आपल्या सोसायटीत जिन्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मी उद्या कुंकू लावलं तर कुणी काही बोलणार नाही, पण बघतील. तिथे कुणाला काही माहीतच नव्हतं. म्हटलं, एवढ्या लांब आलोय, एकदा लावून घ्यावं."

मी रडायला लागले. म्हणाले, "आता लावू? मी लावते."

"तुला माहीत आहे ना पण," आई म्हणाली. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून, "जाऊ दे. पन्हं छान झालं होतं."

जूनअखेर ती निघाली. बॅगा दाराशी होत्या, नवरा गाडी आणायला गेला होता. खालच्या जर्मन आजी निरोप द्यायला वर आल्या आणि मला म्हणाल्या, "आल्झो, तर मग, ते लाल कुठे आहे?" निघणाऱ्या बाईला लावायचं असतं ना, त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मी आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती. मी डबा आणून दिला, आणि मग मला माझ्या हातांचं काय करावं कळेना म्हणून ते मागे घट्ट धरून उभी राहिले. आजींनी अंगठ्याने आईच्या कपाळावर कुंकू लावलं. फार मोठं लागलं, जरा डावीकडे, थोडं नाकावर सांडलं. आईने डोळे मिटले होते. मग तिने वाकून त्यांना नमस्कार केला. त्या तिच्याहून पाचेक वर्षांनीच मोठ्या असतील. गाडीत, विमानतळावर, सामान देताना, ते कुंकू तसंच होतं. आरशात बघितल्यासारखं ती दर काचेत बघत होती.

पुण्याला पोचल्यावर तिचा फोन आला. सामान मिळालं, भाचा न्यायला आला होता, वगैरे. मग आवाज खाली करून म्हणाली, "दुबईपर्यंत ठेवलं होतं हं. तिथे बाथरूममध्ये पुसलं. पुढच्या विमानात सगळी आपलीच माणसं होती."

सप्टेंबरात आई गेली. हृदय बंद पडलं, सकाळी, दूध तापवताना. मिळेल ते विमान घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले. तिला हॉलमध्ये ठेवलं होतं. सोसायटीतल्या बायका जमल्या होत्या, हार घातलेले होते, कपाळ मोकळं होतं. मी तशीच आतल्या खोलीत गेले आणि ड्रॉवर उघडला. पिना आणि रबरांच्या मागे करंडा होता. मी तो उघडला. कुंकू गोळे होऊन घट्ट बसलं होतं, पण होतं. करंडा हातात घेऊन मी हॉलच्या दारापर्यंत आले.

शेजारच्या काकूंनी बघितलं. "तो कशाला काढलास गं?" त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दहा-बारा चेहरे माझ्याकडे वळले. ओळखीचे, मायेचे. याच बायकांनी आईला इतकी वर्षं डबे दिले होते.

मी म्हणाले, असाच. आणि करंडा परत पिनांच्या मागे ठेवून आले. त्या घरात, माहीत नसलेलं असं कुणीच नव्हतं.