मामांचे कडकनाथ

माझ्या मोठ्या मामांइतका कोंबड्यांच्या खानदानाचा अभिमान बाळगणारा माणूस जबलपुरात दुसरा नसेल, आणि त्यापायी माझ्याइतकी मान खाली घातलेली भाचीही नसेल. मामा रेल्वेत होते. झाबुआकडे नोकरी असताना एका भिल्ल गँगमनने त्यांना कडकनाथाची जोडी दिली. कडकनाथ पिसांपासून हाडांपर्यंत काळा. तिकडे तो देवाला वाहतात, एरवी जिवापाड सांभाळतात. निवृत्त होऊन मामा जबलपूरच्या गोहलपुरात आमच्या घरी परतले, तेव्हा टेम्पोतून देवघराच्या आधी खुराडं उतरलं, असं मामी अजून ऐकवते.

आलेल्या माणसाला पाणी मिळायच्या आत कोंबडा दिसायचा. मामा त्याला काखेत घेऊन येत, चोच उघडत आणि म्हणत, "जीभ पाहा. आतपर्यंत काळी. हेच याचं सर्टिफिकेट." मला पाहायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी हे दाखवलं. मी पोह्यांचा ट्रे धरून उभी, आणि मुलाची आई कोंबड्याच्या तोंडात वाकून बघते आहे. मग तिने माझ्याकडे बघितलं. "हिची जीभ अजून आम्हीच नाही पाहिली," मामा म्हणाले, "बोलतच नाही ना ती."

पिल्लं ते फक्त ओळखीच्यांना देत, तीही शब्द देऊन: लाल जीभ निघाली तर माझं नाव बदला. मागच्या हिवाळ्यात सिहोऱ्याचे एक दुकानदार पिशवीत तरणा कोंबडा घेऊन आले आणि भर अंगणात त्यांनी त्याची चोच उघडली. जीभ गुलाबी होती. शेजारचा गावठी कोंबडा भिंत ओलांडून येतो हे मामा सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. "भैया, खानदान में गड़बड़ है," दुकानदार म्हणाले. सगळे हसले. मामा भांडले नाहीत. त्यांनी आपला चांगला कोंबडा उचलून पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवसापासून पिल्लं दिलेलं एकेक घर त्यांनी गाठलं. गुलाबी जीभ निघाली की हात जोडायचे, कोंबडी बदलून द्यायची. मला बरोबर नेत, कारण एकट्याने जायची त्यांना लाज वाटत होती. ते हे बोलले नाहीत, मला कळलं. नेपियर टाउनात, माझ्या कोचिंगच्याच गल्लीत, माझ्या हातातली टोपली आरवली. मैत्रिणी स्कूटी थांबवून बघत राहिल्या. मी ओढणी तोंडावर घेतली.

"तू काहून लाजून राहिली वं?" मामा म्हणाले. "शब्द तर म्या देला होता."

शेवटचं घर एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंचं. त्यांची कोंबडी पलंगाखाली अंड्यांवर बसली होती. अस्सल कडकनाथ कोंबडी सहसा अंड्यांवर बसत नाही. मामा स्वतः आपल्या कडकनाथांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवतात. चोच उघडायची गरजच नव्हती.

"असली है न, भैया?" बाईंनी विचारलं. "पूरे मोहल्ले को दिखाती हूँ. दिनभर इसी से बात करती हूँ."

मामांनी वाकून बघितलं, चोचीला हात लावला नाही. मग म्हणाले, "बैठने दो, अम्मा. असली है."

ऑटोत ते अगदी माझ्यासारखे बसले होते, अंग चोरून, बाहेर न बघता. "घरी नको सांगू वं," एवढंच म्हणाले. मी मान हलवली. आज पहिल्यांदाच मला त्यांची लाज वाटली नव्हती, हे मला त्यांना सांगायचं होतं. पण असलं काही मराठीत तोंडाने कसं म्हणतात ते मला सुचेना, आणि मी मनात वाक्य जुळवते आहे तोवर घर आलं.