कडुनिंबाखालचे साहेब

आधी चहा संपवा बरं, नाहीतर हसता हसता सांडेल. आज माझीच फजिती सांगते!

सत्तरच्या आसपासची गोष्ट. लकडगंजातल्या एका प्राथमिक शाळेत मी नवीकोरी बाई. वर्ग तिसरीचा. भागाकार म्हटलं की पोरांची तोंडं कडू! मग मी चिंचोके आणले. "भागाकार म्हणजे वाटणी रे! एकेक देत जा, उरेल ती बाकी." पोरं रमली. कोणी रेघा मारून वाटायचं, कोणी पाच-पाच वजा करत जायचं.

अन् एका सकाळी निरोप आला. शाळा तपासणारे दिपोटी साहेब येताहेत!

थोड्या वेळानं दारात काळा कोट, टोपी, भरघोस मिशा. दुसरं कोण असणार?

"या साहेब, बसा!"

"बाई, मी त..."

"आधी आमचा भागाकार तर पाहा!" बसवलंच त्यांना खुर्चीत.

तेवढ्यात दाराशी एक किरकोळ माणूस, पँटीला सायकलची क्लिप. मी डोळे वटारले. "पालकांनी मधल्या सुट्टीत यायचं! तिकडे कडुनिंबाखाली थांबा." बिचारा थांबला.

इकडे मी कोटवाल्यांच्याच हातात चिंचोके दिले. त्यांनी घाम पुसत वाटले, पोरांनी टाळ्या पिटल्या. शेवटी हात जोडून म्हणाले, "बाई, समजला मले भागाकार. आता माह्या शांतीले नेऊ का? तिच्या मामाचं लगन आहे, मोटार सुटून राहिली!"

"शांते! तू काहून नाही बोलली गं?"

"तुम्हीच त म्हणलं, साहेबासमोर तोंड उघडाचं नाही!"

बापलेक पळाले. मग झाडाखाली कोण?

धावत गेले, माफी मागितली. "असू द्या बाई, सावली छान होती," म्हणत साहेब वर्गात आले. तेवीस बोरं पाच जणांत वाटायला सांगितली. कोणी रेघा मारल्या, कोणी 'पाच चोक वीस' गाठलं. उत्तर सगळ्यांचं एकच. चार, बाकी तीन! साहेब खूश.

मग म्हणाले, "आता बाई सांगतील. एकोणतीस बोरं, चार जण?"

माझ्या डोक्यात अजून मामाचं लगन! "सहा... बाकी पाच!"

अख्खा वर्ग ओरडला, "बाई, पाच उरले त अजून एकेक वाटा ना!"

साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही बसा. पोरं सांभाळून घेतील."

काय करता? बसले! पोरांच्या बसायच्या टाटपट्टीवर, शांतीच्या रिकाम्या जागी.