डाग राहिलाय

वहिनीला तिची नणंद पहिल्यांदा दिसली ती पायांकडून. लग्न ठरलेलं होतं आणि होणाऱ्या नवऱ्याच्या घरी ती प्रथमच आली होती. पुढच्या खोलीत कपाटाएवढा एक लाकडी ऑर्गन भिंतीपासून ओढून तिरका केलेला होता आणि त्याच्यामागून दोन पाय बाहेर आले होते. एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही.

"ही माझी बहीण," तो म्हणाला. "बाकीची आत आहे."

आतून आवाज आला, "वहिनी, तुझ्या उजव्या हाताला टेबलावर पक्कड आहे बघ. लाल मुठीची. दे जरा."

ओळख ना पाळख, आणि थेट पक्कड. वहिनीने ती दिली. एक काळाकुट्ट हात बाहेर आला, पक्कड घेऊन आत गेला, आणि अर्ध्या मिनिटात ऑर्गनमधून असा भरदार सूर निघाला की कपाटातल्या बश्या किणकिणल्या. मग ती मुलगी उठून उभी राहिली. केसांत जळमटं, गालावर काजळी, आणि चेहऱ्यावर नुकतं बाळ झाल्यासारखा आनंद.

"ऐकलंस? तीन महिने मुका होता हा सूर," ती म्हणाली, आणि तोच सूर तिने आणखी सहा वेळा ऐकवला. चहा निवून गेला.

ती गावातल्या वाद्यवृंदात वाजवायची, आणि तिथे सगळे तिला पक्कड म्हणत. एक तर ती लाल मुठीची वस्तू तिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी कायम असे, आणि दुसरं म्हणजे एकदा धरलेलं ती सोडत नसे. ऑर्गनही तिने असाच धरला होता. एका बंद पडलेल्या हॉटेलच्या नाचघरात तो धूळ खात पडला होता, आणि "उचलून न्या, जागा मोकळी होईल" असं तिथला मॅनेजर गमतीने म्हणाला होता. बावीस वर्षांची पक्कड दुसऱ्या दिवशी सात माणसं घेऊन हजर. घरी आणताना दाराची चौकट काढावी लागली. चौकट परत बसवली, पण ते दार पुढे कधी नीट लागलं नाही. घरात ऑर्गनचं नाव पेटारा पडलं.

पेटाऱ्याच्या पोटात एक मोटार होती आणि तिच्यावर दाते असलेल्या लोखंडी चक्र्या गरगर फिरत. प्रत्येक चक्रीचा एक सूर, प्रत्येक सुराची एक तार. हे सगळं पक्कडला शिकवलं कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्या आजोबांनी. त्यांचं दुकान जिन्याखाली होतं, दोन माणसं बसली की तिसऱ्याने बाहेरून बोलावं इतकं. तारेचा सांधा कथलाने जोडतात त्याला आजोबा जुन्या कारागिरांसारखं 'डाग' म्हणत. सांधा निसटला की "डाग सुटलाय", जोडायचा असला की "डाग राहिलाय". पक्कडच्या तोंडीही तोच शब्द बसला.

वहिनी प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचं माहेर कापडाच्या दुकानावर वाढलेलं. तिच्या लेखी डाग म्हणजे एकच. तो दिसला की काढायचा.

अशी वर्षं गेली. वहिनीच्या मुलांनी पेटाऱ्याखाली बसून अभ्यास केला, कारण हिवाळ्यात तिथे ऊब असायची. पक्कडने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर तिचा दादाच परस्पर सांगायचा, "तिचं झालंय. जावई जरा वजनदार आहेत."

मग वाद्यवृंदाच्या मास्तरांनी नवा कीबोर्ड आणला. बगलेत मारून नेता येईल एवढा, आणि त्यात तीनशे आवाज. पक्कडने तो मनापासून वाजवून पाहिला. चांगला होता, हे ती नाकारत नव्हती. नंतर तिने तो उलटा केला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला.

"मास्तर, हा उघडायचा कुठून?"

"उघडायचा कशाला? बिघडला तर कंपनी बदलून देते."

"ज्याला स्क्रूच नाही त्याच्याशी मी बोलू काय?"

"बोलू नकोस, वाजव," मास्तर म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. त्या वर्षी पेटारा दोनदा भर कार्यक्रमात गप्प बसला होता, आणि त्याला उचलता उचलता ढोलकवाल्याची पाठ धरली होती. शेवटी मास्तरांनी स्पष्टच सांगितलं. गावातलं नाट्यगृह नव्याने बांधून झालं होतं आणि पहिला कार्यक्रम त्यांचा होता. "त्या दिवशी पेटारा आण. एकही सूर मेला नाही तर तो आपला, मी पुन्हा विषय काढणार नाही. मेला, तर पुढच्या कार्यक्रमापासून कीबोर्ड. आणि मला तू हवी आहेस, हे लक्षात ठेव. पेटाऱ्यापायी तू निघून जाऊ नकोस."

पक्कडने होकार दिला. घरी येऊन मात्र ती वहिनीला म्हणाली, "दुसऱ्या कशावर मला वाजवता येईल गं. पण ते माझं वाजवणं नसेल."

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सातला. सकाळी तपासताना पक्कडला मधल्या सप्तकाच्या तारा जिथे जोडल्या होत्या ती पट्टीच तडकलेली सापडली. तिने बाराही तारा सोडवल्या आणि मागच्या फळीवर ओळीने पसरल्या. तारा जुन्या, कापडी वेष्टणाच्या. कधीकाळी रंगीत असतील, आता सगळ्या सारख्याच तपकिरी. म्हणून प्रत्येकीखाली तिने खडूने त्या सुराचं नाव लिहिलं, काळी एक, पांढरी दोन, असं. मग नवी पट्टी आणायला बाजार गाठला. जाताना चिठ्ठी ठेवली, 'मागे डाग राहिलाय. दोनपर्यंत येते. चारला टेम्पो.'

वहिनीने ती वाचली आणि तिला भरून आलं. एवढं मोठं नाट्यगृह, नवे पडदे, आणि पेटाऱ्याच्या पाठीवर डाग. बिचारीला पुसायलाही वेळ नाही. तिने कोमट पाणी घेतलं, साबण घेतला, फडकं घट्ट पिळलं आणि मागे जाऊन बसली. प्लग काढलेला आहे हे आधी पाहिलं. ती निष्काळजी बाई नव्हती. फळीवर जुन्या जोडकामात सांडलेल्या राळेचे काळे ठिपके होते. ते घासायचे तर तारा आड येत होत्या, म्हणून तिने बाराही तारा गोळा केल्या आणि निळ्या रिबिनीने बांधल्या, वर्गातल्या मुलीची वेणी घालावी तशी. खाली खडूने काहीतरी लिहिलेलं होतं. तेवीस वर्षं रोज फळा पुसणाऱ्या हाताला ते वाचावंसंसुद्धा वाटलं नाही. एकदा असं, एकदा तसं, आणि फळी लख्ख.

पावणेदोनला पक्कड नवी पट्टी नाचवतच आत आली. "मिळाली, वहिनी. शेवटची एक होती, आणि माहितीय, दुकानदाराने ती..." तिने पेटाऱ्यामागे पाहिलं.

"निघाला डाग," वहिनी म्हणाली. "सोडा नाही वापरला, लाकूड खराब होतं."

पक्कड खाली बसली. तिने वेणीला हात लावला. "वहिनी, इथे बाराजणी ओळीने उभ्या होत्या."

"मी बांधून ठेवल्या. लोंबत होत्या."

"आणि नावं लिहिली होती."

वहिनीने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. त्यावर पांढरट खडू होता. मग पक्कडने हळू आवाजात सांगितलं की आजोबांच्या भाषेत डाग म्हणजे काय, आणि तो राहिलाय म्हणजे काय. वहिनीला वाटलं धरणी दुभंगावी. "वन्सं," ती म्हणाली, आणि 'वन्सं' ती फक्त फार रागावली किंवा फार घाबरली तरच म्हणे, "मी तुमचा पेटारा घालवला."

पक्कड वेणीकडे बघत होती. आधी डोळे बारीक झाले, मग भुवया वर गेल्या, आणि मग वहिनीला पहिल्या दिवशी दिसला होता तसा तिचा चेहरा उजळला.

"नावं कशाला हवीत? ह्यांना तोंड आहे की. विचारू या."

तिने प्लग लावला, मोटार चालू केली. चक्र्या घरघरल्या. स्पीकरकडे जाणाऱ्या वायरचा चिमटा तिने एका तारेच्या टोकाला लावला. खोलीत एक सूर उभा राहिला.

"काळी तीन," पक्कड म्हणाली. "लिही."

वहिनीने पाटीवर लिहावं तसं कागदाच्या तुकड्यावर लिहिलं आणि तारेला चिकटवलं. यावेळी शाईने. दुसरी तार. "पांढरी सात." तिसरी. "पांढरी एक. काय गं, सगळ्यांत पुढे उभी राहणारी तू, इथे कुठे येऊन बसलीस?" वहिनी हसली. आता एकीने ओळखायचं, दुसरीने लिहायचं, असा वेग आला. पाचव्या तारेला वहिनी न राहवून म्हणाली, "काळी एक?"

"पांढरी दोन. पण जवळ आलीस."

नववीला तिने बरोबर सांगितलं. पक्कडने तिच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा नाकावरून घसरला.

साडेतीनला पहिला डाग बसला. कथील वितळून चमकलं, राळेचा धूर वर गेला. वहिनी तार पट्टीवर धरायची, पक्कड डाग द्यायची. एक, दोन, पाच, आठ. दहा झाल्या तेव्हा खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. उरल्या दोन, पांढरी चार आणि पांढरी पाच. एक वहिनीच्या डाव्या हातात, एक उजव्या. हॉर्न पुन्हा वाजला. वहिनी खिडकीकडे वळून ओरडली, "आलो, आलो, धीर धरा जरा," आणि परत वळली. पक्कडने दोन्ही डाग दिले, वाजवायची एक पट्टी दाबून पाहिली, पेटारा बोलला, आणि मागचे आठ स्क्रू आवळले. निरखून बघायला वेळ कुणाला होता?

नाट्यगृहात वहिनी दुसऱ्या रांगेत बसली. दादा शेजारी. पडदा उघडला, मास्तरांनी हात उचलला, आणि पेटाऱ्याचा तो कोमट, जाड आवाज सगळ्या खुर्च्यांखालून वाहत गेला. वहिनीला रडूच आलं. मग पहिल्याच गाण्यात पक्कडची एक भुवई वर गेली. ती क्षणभर बोटांकडे बघत राहिली, नंतर मान वर करून थेट वहिनीकडे. डाव्या हाताने वाजवत तिने उजव्याची दोन बोटं एकमेकांवर चढवून दाखवली.

चार आणि पाच. वहिनीने स्वतःच्या मांडीवरचे दोन्ही हात पाहिले आणि तिला कळलं की खिडकीकडून परत वळताना हातांतल्या तारांची अदलाबदल झाली होती.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"गप्प बसा."

पुढचे दोन तास पक्कडने पाचच्या जागी चार दाबली आणि चारच्या जागी पाच. एकदाही चुकली नाही. उलट तिला त्यात मजा यायला लागली. कुठे ती त्या दोन पट्ट्यांवरून इतक्या झपाट्याने जाई की बासरीवालाही वळून पाही. वहिनीने मात्र श्वास रोखूनच सगळा कार्यक्रम ऐकला.

संपल्यावर मास्तर पेटाऱ्याजवळ आले. "एकही मेला नाही. शब्द म्हणजे शब्द." मग त्यांनी मान तिरकी केली. "पण आज हात वेगळाच पडत होता तुझा. नवीन काही बसवलंस का?"

"वहिनीचा हात आहे त्यात," पक्कड म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चुकीचे दोन डाग उकलायचे होते. पक्कडने तापलेलं सोल्डरिंग आयर्न वहिनीच्या हातात दिलं आणि स्वतः मागे सरकली. "तू बांधलेली वेणी, तूच सोडव."

त्याला आता पंधरा वर्षं झाली. पक्कड अजून दर शनिवारी नाट्यगृहात पेटारा वाजवते. जवळचं बारीक तिला दिसत नाही, त्यामुळे डाग वहिनी देते.